एकतिसाव्या पानावरचा गळ

सुलेमा पेरेयरा साल्तोच्या बाजारात जुन्या कादंबऱ्या बदलून द्यायची. मासळीवाली आणि न्हावी यांच्या मधली एक फळी, एवढंच दुकान. वाचून झालेली द्यायची, दुसरी न्यायची. बहुतेक सगळ्या एकाच जातीच्या: मोठं घर, एकटी बाई आणि गोड बोलणारा पुरुष. वेष्टनं फाटलेली, नावं कुणाच्या लक्षात नसत. तेच पुस्तक दोनदा घरी जाऊ नये म्हणून प्रत्येक जण एकतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात आपली खूण करी. माझी खूण छोटा क्रूस. पुस्तक हातात आलं की आधी ते पान उघडायचं, ही आमची सवय. नदीपलीकडे, दुसऱ्या देशातल्या कोंकोर्दियातही हीच.

१९६८च्या जानेवारीत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, सेन्योर लारालदे आला. मूळचा ब्युनोस आयर्सचा, या नदीवर पहिल्यांदाच आलोय म्हणाला. धक्क्याची निसरडी पायरी मात्र त्याने खाली न बघता ओलांडली. मी ते पाहिलं आणि डायरीत लिहिलं. शाळेत आमच्या सिस्टर म्हणत, पाहिलं तेवढंच लिहावं.

दोन महिन्यांत सुलेमाची धाकटी बहीण नेल्ली त्याच्याशी लग्नाला तयार झाली. ती एकोणचाळीस वर्षांची. लग्न ब्युनोस आयर्सला, शनिवारच्या लाँचने निघायचं, सोबत कुणी नको, असं त्याचं म्हणणं.

१२ मार्च, मंगळवार. सुलेमा माझ्याकडे आली ती धापा टाकत.

"दोन्या एल्विरा, त्याला आपली खुणेची रीत कुणी शिकवली?"

"तू शिकवली असशील."

"मी नाही. पहिल्याच पुस्तकात त्याने आपणहून गळ काढला. मासे धरायचा गळ, खाली ठिपका. आणि आज हे बघा."

तिने पिशवीतून एक कादंबरी काढली. पाठीला निळ्या दोऱ्याची शिवण. मी ओळखली, ओफेलियाच्या हातची. नेल्लीची शाळेतली मैत्रीण ओफेलिया ब्रुम चार वर्षांपूर्वी कोंकोर्दियाला लग्न करून गेली. नवरा आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. वर्षभरात ती जिन्यावरून पडून वारली. तिच्या आईने तिची पुस्तकं नेल्लीला दिली. परक्यांचे हात लागू नयेत म्हणून नेल्लीने ती गठ्ठ्यात बांधून ठेवली, कधी दुकानात जाऊ दिली नाहीत. नेल्लीने जाताना आठवण म्हणून एक न्यावं, म्हणून आज सुलेमाने तो गठ्ठा सोडला होता.

एकतिसाव्या पानावर ओफेलियाचं फूल होतं. शेजारी गळ, खाली ठिपका.

"नेल्लीला दाखव," मी म्हटलं.

"ती म्हणेल, ताई, तूच काढलास. गेला महिनाभर ऐकतेय, कादंबऱ्या वाचून तुझं डोकं फिरलंय म्हणून."

"मग?"

"मी काहीच दाखवणार नाही. त्यालाच बघू दे."

गुरुवारी दुपारी तिने मला घरी बोलावलं. नेल्ली मातेच्या कडू पाल्यावर चहासारखं गरम पाणी ओतत होती. लारालदे खुर्चीत ऐसपैस बसला होता. सुलेमाने टेबलावर पाच-सहा कादंबऱ्या मांडल्या. निळ्या शिवणीची सगळ्यात वर.

"प्रवासात वाचायला न्या एखादी," ती म्हणाली.

"वा, मेहुणीबाई आज उदार झाल्या!" त्याने वरची उचलली, एकतिसावं पान उघडलं आणि बाजूला सारली. "ही झालीय. दुसरी द्या."

पाणी टेबलावर सांडलं. नेल्लीने किटली खाली ठेवली.

"कुठे वाचलीत?"

"इथेच की. तुझ्या ताईच्या दुकानात."

"ती दुकानात कधी गेलेलीच नाही."

तो हसला. "तुम्ही दोघी बहिणी कादंबऱ्या जरा जास्तच वाचता."

"हो, म्हणूनच विचारतेय," नेल्ली म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ओफेलिया कितव्या पायरीवरून पडली?"

तो उठला. माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. दाराशी सुलेमा होती. तिने दार सताड उघडलं. बाहेर फुटपाथवर खुर्च्या टाकून अर्धी गल्ली बसली होती. मासळीवाली आणि तिचे तिघे भाऊ अगदी समोर.

"टोपी विसरू नका," सुलेमा म्हणाली.

शुक्रवारच्या लाँचने तो गेला. ते पुस्तक मीच कोंकोर्दियाच्या पोलिसांकडे नेलं. अधिकारी म्हणाला, "बाई, पेन्सिलीच्या गळावर माणूस पकडता येत नाही." ओफेलिया कशी पडली ते मी पाहिलेलं नाही, म्हणून डायरीत ती ओळ कोरीच आहे.

नेल्ली चार महिने बहिणीशी बोलली नाही. सुलेमा रोज तिच्यासमोर ताट ठेवी. पाचव्या महिन्यात नेल्लीच म्हणाली, "मीठ कमी आहे."

गेल्या ऑगस्टमध्ये सुलेमा गेली. फळीवर आता नेल्ली बसते. नवा माणूस आला की ती पुस्तक त्याच्या हाती देते. तो न सांगता एकतिसावं पान उघडतो का, हे नेल्ली बघत राहते.