घरातली दोन मतं

आईबाबांचं राजकारणात कधीच पटलं नाही. बाबा रेल्वेत गार्ड, आई शाळेत शिकवायची. दोघांचे पक्ष विरुद्ध आणि दोघंही हट्टी. घरात बोलणं मराठीत, पण बातम्यांवरून जुंपली की दोघंही हिंदीवर यायचे. झाशीत जन्म काढला की भांडायला मराठी पुरत नाही, असं आईच म्हणायची. मतदानाला मात्र ते एकाच रिक्षातून दतिया गेटजवळच्या शाळेत जात. "चला, एकमेकांचं मत कापून येऊ," म्हणत आई पदर खोचायची. एकदा बाबा मालगाडीवर अडकले आणि वेळेत पोहोचलेच नाहीत. त्या दिवशी आईही घरीच बसली. त्यांच्या मागे आपलं मत टाकून येणं तिला लबाडी वाटली.

मला मात्र या सगळ्याचा वीट आला होता. सकाळी फोन उघडावा तर नातेवाइकांच्या ग्रुपवर शिमगा, बँकेत डबा उघडावा तर तिथेही तेच. मी बातम्या बघणं सोडलं आणि पाठोपाठ मत देणंही. कुणीही निवडून आलं तरी आमच्या गल्लीतलं गटार तुंबायचं ते तुंबतंच.

आई गेली आणि बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. टीव्ही चालू असायचा, माणसं तोंडं वासून ओरडत असायची आणि घरात चिडीचूप. भांडायलाच कुणी उरलं नव्हतं. हळूहळू त्यांनी बाहेर जाणंही सोडलं. गुडघे धड होते, पण उंबरठा ओलांडायचं मन नव्हतं. हा माणूस त्या खुर्चीतच संपून जाईल, अशी मला भीती वाटायला लागली.

निवडणूक आली. त्या सकाळी मी म्हटलं, "बाबा, चला, मत देऊन या."

"नको. तुझी आई नाही. माझं मत कापणार कोण? मी मालगाडीवर होतो तेव्हा तीही गेली नव्हती."

मला हसू आलं. "मी कापते. आईच्या बाजूचं मी देते, मग तर झालं?"

"तुला तर मत देणंच पटत नाही."

"नाहीच पटत. पण तुम्ही असे घरात बसून राहता, ते त्याहून पटत नाही."

त्यांनी उठून दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट मागितला.

रिक्षावाला ओळखीचा निघाला. "बाबूजी, बड़े दिनों बाद दिखे. माताजी नहीं आईं?"

"नहीं रहीं, भैया," बाबा म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. मी त्यांचा हात धरून ठेवला.

मी बायकांच्या रांगेतून जाऊन कबूल केल्याप्रमाणे मत दिलं आणि व्हरांड्यात उभी राहिले. बाबा आत गेले ते येईनातच. मागची रांग कुरकुरायला लागली. "अंकलजी, बटन दबा दीजिए," असा आतून कर्मचाऱ्याचा आवाज आला. मला धडकीच भरली. शेवटी एकदाचे ते बाहेर आले.

"बरं वाटत नाही का, बाबा?"

"बरा आहे. तिचं चिन्हच सापडेना. इतकी वर्षं मी आपलं बटण दाबून बाहेर यायचो, बाकीचं कधी पाहिलंच नव्हतं."

मला समजायला जरा वेळ लागला.

"आणि तू?" त्यांनी विचारलं.

"मीही आईचंच दिलं."

शाळेच्या पटांगणात, सगळ्यांसमोर, बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "बरं झालं," ते म्हणाले. "जन्मभर बरोबरीतच सुटली बिचारी."