भांडणाची शिक्षा

मालतीबाईंना छडी मारता येत नसे. मारताना त्यांचेच डोळे आधी मिटत, त्यामुळे छडी मुलाला लागेल, बाकाला लागेल की बाईंनाच, हे सांगणं कठीण. वाशीच्या नव्या शाळेतला सहावीचा वर्ग ही गोष्ट पहिल्या आठवड्यातच ओळखून होता.

वर्गात निम्मी पोरं सेक्टरातल्या फ्लॅटमधली, निम्मी खाडीकाठच्या गावातली. खिडकीच्या बाकावरून रोज मारामारी. शेवटी एक दिवस बाईंनी खडू खाली ठेवला. "नियम तुम्हीच करा. शिक्षाही तुम्हीच ठरवा."

पोरं हेडसरांपेक्षा जहाल निघाली. कुणी म्हणालं, उन्हात उभं करा. गावातल्या पंढरीनं खाडीत ढकलायचं सुचवलं. मग फ्लॅटमधली स्मिता म्हणाली, "भांडणाऱ्यांनी एकमेकांचा डबा खायचा." याहून वाईट काही असूच शकत नाही, यावर वर्गाचं एकमत झालं.

पहिली शिक्षा सुधीर आणि पंढरीला. सुधीरच्या डब्यात दुधी, पंढरीच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. सुधीरनं डबा चाटूनपुसून साफ केला. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपते न संपते तोच त्यानं पंढरीच्या पायावर पाय दिला. तिसऱ्या दिवशीही. हळूहळू सेक्टरातली सगळीच पोरं गावातल्या पोरांची खोडी काढू लागली. डब्यातले पडवळ-दुधी संपतायत म्हणून तिकडे आया खूश!

"बाई, भांडन ह्यो काढतो," पंढरी रडकुंडीला आला, "आनि दुधी मना खावा लागतो!"

आरडाओरडा ऐकून हेडसर आले आणि बाईंना बाहेर बोलावून म्हणाले, "शनिवारपर्यंत वर्ग शांत झाला नाही, तर ही छडी तुमच्या टेबलावर. आणि ती वापरायची, मालतीबाई. मी दारात उभा राहून बघणार."

बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी त्यांनी पोरांना सगळं खरं सांगून टाकलं. मग पंढरीच उठला, "भांडंल त्यानं कोपऱ्यात एकल्यानं जेवायचं. बाकीच्यांनी वाटून खायचं."

सुधीरनं सगळ्यात आधी हात वर केला. सुकट हातची जाऊ द्यायला तो काही वेडा नव्हता.

शनिवारी मधल्या सुट्टीत हेडसर छडी घेऊन आले. वर्ग गोल बसलेला, डबे मध्ये, कोपरा रिकामा. हेडसरांचा विश्वास बसेना. "एकही भांडण नाही?"

"नाय सर. भांडलं की एकलं जेवावं लागतं." पंढरीनं घास गिळला. "सर, तुमी रोज हापिसात एकलंच जेवता. कोनाशी भांडलाव?"

बाईंचे डोळे सवयीनं मिटले. उघडले तेव्हा हेडसर दाराबाहेर पोचले होते, छडी त्यांच्या काखेतच होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत ते पुन्हा आले. छडीऐवजी हातात डबा. "सरका रे जरा," म्हणत मांडी घालून बसले आणि झाकण काढलं.

आत दुधी होता. पंढरीनं कपाळावर हात मारून घेतला.