मटणाशी न जुळणारी वाईन

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या माझ्या मित्राने मला माझ्याच घरात, माझ्याच जेवणावरून फसवलं. जुने ट्रॅक्टर घेणं-विकणं हा माझा धंदा. भल्याभल्यांना मी भावात नमवलं आहे, म्हणून हे जास्त झोंबतं.

रेड वाईनच्या दोन बाटल्या मी एका द्राक्षबागायतदाराकडून ट्रॉलीच्या सौद्यात वर मागून घेतल्या होत्या. तेव्हा मुलगी शाळेत होती. आता ती नोकरीला लागली. तोवर मी त्या पलंगाखाली गोधडीत गुंडाळून सांभाळल्या. शेवटी तिघा मित्रांना जेवायला बोलावलं. बायकोने सकाळपासून खपून काळ्या मसाल्याचं मटण केलं.

त्यातला हा वीज केंद्रवाला गृहस्थ नुकताच वाईन चाखायचा वर्ग करून आलेला. दारातच मटणाचा वास घेऊन, मांडलेल्या बाटल्या बघून थबकला.

"या मटणाबरोबर जुनी वाईन? अरे, म्हाताऱ्या माणसाला ढोलताशात बसवतोस का? दोन्हींतलं एक निवड."

"दोन तुकडे चालतील की," मी घासाघीस केली.

"एकसुद्धा नाही."

"नुसता रस्सा?"

"रस्सा तर मुळीच नाही."

इतकी वर्षं सांभाळलेली वाईन वाया जायला नको, म्हणून मी मटण सोडलं. आम्ही उकडलेले बटाटे आणि पनीर चघळत बसलो. वाईनला म्हणे मनुकांचा आणि ओल्या मातीचा गंध होता. मला बटाट्याचाच आला.

"शेठ, घरात आजारी कोण आहे?" दुसऱ्या मित्राने विचारलं.

आत बायको भांडी आपटत होती. "वहिनींची समजूत काढतो, आणि या बाटलीला जरा हवा लागू दे," म्हणत हा दुसरी बाटली घेऊन आत गेला. बराच वेळ आलाच नाही. मी जाऊन बघतो तर स्वारी मांडी घालून बसलेली. ताटात मटण, रश्श्यात कुस्करलेली दुसरी भाकरी, तिसरीसाठी हात पुढे, शेजारी बाटली अर्ध्यावर.

"जुळत नाही ना, एवढं तपासत होतो," तो नाक पुसत म्हणाला.

मी आवाज चढवला, तर बायको माझ्यावरच उलटली. "त्यांनी तरी खाल्लं! तुम्ही बसा बटाटे खात."

आमचं भांडण चालू असताना बाकीच्या दोघांनी पातेलं पुसून घेतलं.

आता तो भेटला की हसून विषय बदलतो. ते चालणार नाही. मटण वाईनशी जुळत नव्हतं, तर तिसरी भाकरी कशाला मागितलीस? आणि जुळत होतं, तर मला बटाटे का खायला घातलेस? चारचौघांसमोर उत्तर दे.