मेणाच्या नळकांड्यातला निरोप

आमच्या घरात श्रावण-भादवा नाचणीच्या आंबिलीवर निघायचा. तीही संपली की आय रानातून कडू कंद खणून आणायची. ते चिरून, टोपलीत भरून, वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा घालवायचा आणि मग उकडून खायचे. एखाद्या दिवशी कडूपणा पुरता जात नसे. तरी खायचे. बा उन्हाळाभर लाकूडतोडीला जंगलात असे. मी जव्हारच्या शाळेत जायला लागलो तेव्हा माझ्या अंगावरचा सदरा बाचा होता, आणि बाच्या अंगावर काही नव्हते.

हे आधी सांगतो, कारण अशा घरातला माणूस म्हणजे भुताखेतांना भिणारा, असे शिकलेल्या लोकांना वाटते. मी भीत नव्हतो. मुंबईच्या कॉलेजात लॉजिक शिकलो, आणि चांगले शिकलो. मासिकाच्या या सदरात येणारे भुताखेतांचे अनुभव मी मेसमध्ये मोठ्याने वाचून दाखवत असे, ते हसण्यासाठी. आज स्वतः लिहायला बसलो आहे... हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. मला आता वाद घालायचा कंटाळा आला आहे.

तर आधी आमच्याकडची एक रीत सांगतो. आमचा पाडा साखरशेतचा. समोरच्या डोंगरावरच्या पाड्याला जायचे तर खाली उतरा, ओढा ओलांडा, पुन्हा चढा — अर्धा दिवस गेला. म्हणून निरोप हाकेने जातो. आधी नाव घेऊन हाक मारायची. ज्याचे नाव घेतले त्याने 'ओ' द्यायचा. ओ आल्याशिवाय निरोपाचा एक शब्द सांगायचा नाही. तीन हाकांत ओ आला नाही तर गप्प बसायचे. आणि निरोप संपला की विचारायचे, "ऐकलंस काऽ?" समोरच्याने "ऐकलंऽ" म्हटले की झाले. माझ्या बाचा आवाज सगळ्यात लांब जायचा. दुसऱ्या पाड्यांची माणसेही आपले निरोप त्याच्याकडून घालवत.

याच रीतीला जोडून दुसरी एक आहे. मेलेल्या माणसाची हाक ऐकू आली तर ओ द्यायचा नाही. ज्याने ओ दिला, त्याला तो माणूस शोधत येतो.

जव्हारच्या शाळेतले माझे मास्तर पेन्शनीत निघाले तेव्हा त्यांनी मुंबईहून एक जुना फोनोग्राफ आणला. तबकडीचा ग्रामोफोन नव्हे. याच्यावर मेणाचे नळकांडे चढवायचे, चावी द्यायची आणि कर्ण्यात तोंड घालून बोलायचे. सुई मेणावर रेघ ओढत जाते. मग दुसरी सुई लावली की तेच बोलणे परत ऐकू येते. एका नळकांड्यात जेमतेम दोन मिनिटे मावतात. मास्तरांजवळ कोरी नळकांडी चारच होती. एकावर त्यांनी स्वतःची संध्या भरली, दोन बायकोच्या गाण्यात गेली. चौथे त्यांनी माझ्या बासाठी ठेवले.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होतो. होळीच्या सुमारास बा जव्हारला बाजाराला आला होता. मास्तर म्हणाले, "तुला लिहिता येत नाही ना? मग याच्यात बोल. काशीनाथ सुट्टीत आला की त्याला ऐकवतो."

पुढचे मास्तरांनी मला अनेकदा हसत सांगितले आहे. बाने कर्ण्यासमोर उभे राहून दोन्ही हात तोंडाशी नेले आणि डोंगरावरून मारावी तशी हाक मारली — "काशाऽऽऽ!" आणि थांबला. मास्तर हाताने खुणावतात, बोल, बोल. बा मान हलवतो. परत हाक. परत थांबला. तिसरी हाक. मग जो गप्प बसला तो बसलाच. नळकांडे संपले.

मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे बाबा, बोलला का नाहीस?"

"पोरानं ओ नाय दिला."

"तो मुंबईला आहे!"

"मंग त्याला हाक कशी जाईल? तुमीच सांगा मास्तर, ओ आल्याबिगर कुनाशी बोलू? भिंतीशी?"

मास्तर म्हणाले, नवी नळकांडी आली की पुन्हा ये. बा "येतो" म्हणाला. वैशाखात त्याला हिवताप झाला, आणि तो गेला. मला कळले तेव्हा दहावा होऊन गेला होता.

मी घरी आलो तेव्हा मास्तरांनी नळकांडे ऐकायला बोलावले. आयने जाऊ दिले नाही. माझा हात धरून म्हणाली, "त्यात तुझ्या बानं तुला हाक मारलीय. तुझ्या तोंडून ओ निघंल. नाय जायचं." मी तिला समजावले की ते यंत्र आहे, त्यात मेण आहे, रेघ आहे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "जाशील तर माजं मेलेलं तोंड बघशील." मी गेलो नाही. खरे सांगायचे तर मलाही ते ऐकवले नसते.

बा गेल्यावरची पहिली आवणी — भाताची लावणी आमच्याकडे आवणी — मी सुट्टी काढून केली. कॉलेजात हजेरी कमी भरली, प्रोफेसरांनी ताकीद दिली. दुसऱ्या वर्षी आषाढात आयने मास्तरांकडून पत्र लिहवून घेतले. दोन ओळी होत्या. बैल गेला. रोपे जून व्हायला लागली, हात पुरत नाहीत.

त्या पत्रावर मी एक आख्खा दिवस बसून होतो. पुन्हा महिनाभर गेलो तर टर्म बुडणार, आणि टर्म बुडली की माझी फी भरणारे गृहस्थ हात काढून घेणार, हे उघड होते. म्हणजे कॉलेज संपले. पण न जाऊन काय करणार? भात लागले नाही तर आय खाणार काय — कडू कंद? मी पुस्तके शेजाऱ्याला देऊन टाकली. परत येऊ असे मला वाटत नव्हते. रडलो वगैरे नाही. फार थकल्यासारखे झाले होते, इतकेच.

डहाणूकडची वाट पुराने बंद होती, म्हणून इगतपुरीला उतरून मोखाड्यावरून चालत आलो. तीन दिवस. मोखाडा मागे टाकून जव्हार संस्थानच्या हद्दीत शिरलो तेव्हा वहाणांचे अंगठे तुटले होते. जव्हारला मास्तरांच्या ओसरीवर टेकलो तेव्हा दुपारचे दोन-अडीच झाले असतील. मास्तरांच्या पत्नी माहेरी गेल्या होत्या. घरात आम्ही दोघेच.

मास्तरांनी चहा दिला. मी सांगितले, "कॉलेज सोडलं."

त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. मग म्हणाले, "साखरशेतचं कुणी आठ दिवसांत इकडे फिरकलेलं नाही. ओढा चढलाय. आज तू जाऊही शकणार नाहीस. उद्या बघ." आणि थोड्या वेळाने, "काशीनाथ, ते नळकांडं ऐकून घे. बुरशी चढायला लागलीय. पुढच्या पावसाळ्यात काही उरणार नाही."

मी नको म्हणालो नाही. आयची शपथ आठवली, पण नको म्हणायलाही अंगात जोर लागतो.

मास्तरांनी पुठ्ठ्याच्या डबीतून नळकांडे काढले. तपकिरी मेणावर पांढरे ठिपके उठले होते. चावी दिली, सुई ठेवली. आधी नुसती खरखर, तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. मग —

"काशाऽऽऽ!"

तो बाचाच आवाज होता. लहान झालेला, डब्यात कोंडलेला, पण त्याचाच. खरखर. पुन्हा "काशाऽऽऽ!" मी ओसरीच्या खांबाला टेकून बसलो होतो, खांब धरला. मास्तर माझ्याकडे न बघता बाहेर पावसाकडे बघत होते. तिसरी हाक आली. शेवटचा स्वर ओढताना बाला थोडा खोकला आला, तोही त्यात होता.

आणि माझ्या तोंडून गेले, "ओ, बा."

मी ठरवून म्हटले नाही. पंधरा-सोळा वर्षे ज्या हाकेला ओ देत आलो, तिला दिला. बस्स.

खरखर थांबली नाही. तिच्यातूनच, हाकेच्या नव्हे तर जवळ बसून बोलतो त्या आवाजात बा म्हणाला —

"आवणीला येऊ नको. लावून झाली. तू तकडंच ऱ्हा, पुरं कर."

थोडे थांबून, "ऐकलंस का?"

यावर 'ऐकलं' म्हणायचे असते. मला म्हणता आले नाही. सुई टोकाला जाऊन खटखट करायला लागली तेव्हा मास्तरांनी ती उचलली.

"तू ऐकलंस?" त्यांनी विचारले.

"तुम्ही?"

"ऐकलं," ते म्हणाले. "शब्दन् शब्द. काशीनाथ, मी हे वीस वेळा लावलं असेल. येणाऱ्या-जाणाऱ्याला हसवायला लावत होतो. तीन हाका आणि पुढे खरखर. बाकी काही नव्हतं रे... तुझा बा काही बोललाच नव्हता. मी समोर उभा होतो."

आम्ही पुन्हा लावले. तीन हाका, मग खरखर. मी पुन्हा ओ दिला, मुद्दाम, मोठ्याने. काही नाही. मास्तरांनीही देऊन पाहिला. बी.ए.च्या वर्गातला पोरगा आणि साठीचा म्हातारा एका कर्ण्यासमोर बसून ओ ओ करताहेत! कुणी बघितले असते तर दोघांनाही बांधून घातले असते.

मी लॉजिकवाला, म्हणून लॉजिक लावले. नळकांडे जुने असेल, मेण तासून पुन्हा कोरे केलेले, आणि आधीच्या मालकाचे काही बोलणे तासल्यावरही खाली उरले असेल. पण आधीच्या मालकाला माझी आवणी कशी ठाऊक? दोघांना एकच भास झाला असेल. पण मग भास ज्या गोष्टीचा झाला ती दुसऱ्याच दिवशी खरी निघायला नको होती. बा तेव्हाच बोलला असेल आणि मास्तर विसरले असतील म्हणावे, तर होळीच्या दिवसांत बोललेला माणूस लावून झाल्याचे सांगूच शकत नाही. होळीला रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजायचाही बाकी असतो, रोपे कुठली?

दुसऱ्या दिवशी ओढा उतरला. मी दुपारपर्यंत पाड्यावर पोचलो. बांधावर शेजारची सोमीकाकू गुडघाभर चिखलाने माखलेली बसली होती. मला बघून ओरडली, "आला गं आला, बालिस्टर आला! आवणी झाल्यावर आला, वहाणा घालून!"

मी बघितले. आमची तिन्ही खाचरे हिरवी होती. रोपे अजून पडलेली, पण लागलेली.

आय झोपडीतून बाहेर आली. "कशाला आलास?"

"तूच बोलावलंस."

"बोलावलं खरं. पन चार घरं आपन होऊन आली, त्यांची लावून झाली व्हती. कुनी बोलावलं नाय, आपलीच आली. काल दुपारी शेवटची मूठ लावली."

"किती वाजता?" मी विचारले. कसला मूर्ख प्रश्न! पाड्यावर घड्याळ कुणाकडे होते?

"जेवून पुन्ना लागलो, तवा. सूर्य कलला व्हता."

"मला निरोप का नाही पाठवलास?"

"कुनाबरोबर? वढा दिसला नाय तुला?"

मग मी तिला सगळे सांगितले. शपथ मोडली हेही. मला वाटले होते ती रडेल. ती रडली नाही. सोमीकाकूला म्हणाली, "गं, मीठ-मिरच्या आन." माझ्यावरून तीनदा उतरवून चुलीत टाकल्या. मग दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "आज ऱ्हा. उजाडलं का चालायला लाग. तू ओ दिलास. तो तुला हतं शोधंल, हतं तू गावायचा नाहीस."

"आये, तो मला काही करायला थोडाच येतोय? उलट त्यानंच सांगितलं की—"

"तो काय सांगतो ते मला नको सांगू. तो माजा नवरा व्हता, मी वळखते त्याला. एकलं ऱ्हायला त्याला कदी आवडलं नाय."

उजाडल्यावर तिने मला खरोखरच हाकलले. भाकरी बांधून दिली, वाटेपर्यंत आली, आणि मी वळून बघतोय हे बघून दगड उचलला. मी मोखाड्याच्या वाटेने परत मुंबईला गेलो. पुस्तके शेजाऱ्याकडून मागून घेतली. टर्मचे दिवस थोडे कमी भरले, पण प्रिन्सिपॉलना भेटून ते भरून घेता आले.

त्यानंतर आयने मला कधीही नावाने हाक मारली नाही. 'अरं', 'ऐक', 'हिकडं बघ' — एवढेच. विचारले तर म्हणते, "तुजं नाव आता त्याला ठाव हाय ना, कशाला घेऊ?" बाला माझे नाव ठाऊक असणारच, त्यानेच ठेवले होते, पण तिच्याशी कोण वाद घालणार?

मास्तर आता नाहीत. नळकांडे मी मागून घेतले होते. बुरशीने त्याची भुकटी झाली. साक्षीदार गेला आणि पुरावाही गेला. त्यामुळे मी म्हणतो ते कुणी मानावे असा माझा आग्रह नाही. लॉजिकमध्ये याला काही नाव असेल तर मला सापडलेले नाही, आणि कॉलेजातल्या ज्या एका प्रोफेसरांना मी हे सांगितले त्यांनी नुसता चष्मा पुसला. मी काय ऐकले ते मला माहीत आहे. कसे ऐकले, ते माहीत नाही.

दोन वर्षांनी मी बी.ए. झालो. आमच्या पाड्यातला पहिला.