दुसऱ्या बाजूची शेवटची दोन गाणी

पोलादपूरच्या बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बायकांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण एका विलायती बँडची सहा गाणी त्यांना पाठ होती. म्हणजे शब्द नव्हे, चाली. मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्या खुशाल गुणगुणायच्या. ही सगळी करणी गनीचाचांची. हायवेपासून महाबळेश्वरचा रस्ता फुटतो त्याच्या जरा अलीकडे त्यांचं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेला टेप त्या बँडची कॅसेट वाजवून पाहिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. टेप कीर्तनाच्या कॅसेटी ऐकणाऱ्या म्हाताऱ्याचा असो नाहीतर ट्रकवाल्याचा, त्यातून आधी विलायती ड्रम वाजायचा.

ती त्या बँडच्या गाजलेल्या निवडक गाण्यांची कॅसेट होती. वरच्या कागदावर पाच केसाळ बाप्ये भिंतीला टेकून उभे. चाचांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्या गायकाचा आवाज ते सख्ख्या भावाच्या आवाजासारखा ओळखायचे. टेप चालू करून डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "म्हातारा झाला रे हा. बेल्ट सैल हाय." नाहीतर, "घाई करतोय. मोटर जोरात हाय." मग स्क्रू इवलासा फिरवून पुन्हा ऐकायचे. गायक आपल्या खऱ्या वयाला आला की मान डोलावून म्हणायचे, "आता बराबर बोलतोय." गाणं म्हणतोय असं त्यांनी कधी म्हटलं नाही. त्यांच्या लेखी तो बोलायचाच.

अंगाने किडकिडीत, डोक्यावर जाळीची टोपी, कानामागे टेस्टर. कुवेतला इलेक्ट्रिशियन होते. तिथल्या गोऱ्या साहेबाने आपल्या देशी परत जाताना ही कॅसेट त्यांना दिली होती. पुढे कुवेतची लढाई झाली आणि माणसं नेसत्या कपड्यांनिशी परत आली, तेव्हा चाचाही आले. येताना त्यांनी टीव्ही आणला नाही, घड्याळ आणलं नाही, आणली ती ही कॅसेट. लोक हसले. घरी बायको नव्हती, ती आधीच गेली होती. शाहीन नावाची तीन वर्षांची पोर होती. तिला दुकानात खोक्यावर बसवून ते काम करायचे. पोर अबोल. बापही फारसा बोलका नव्हताच.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, आणि ते सांगताना बरं वाटत नाही. चाचा परत येऊन पाच वर्षं झाली तेव्हा मी महाडच्या कॉलेजात इंग्रजी विषय घेऊन शिकत होतो आणि आपण कोणीतरी आहोत असा माझा समज होता. रोज सकाळी एसटीने महाडला जायचं, तिथल्या पोरांत पुणेरी बोलायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आईच्या 'नाय' आणि 'हाय'वर नाक मुरडायचं, असा माझा दिनक्रम होता. वर्गातली दोन-तीन पोरं मुंबईहून आलेली. ती असल्या बँडविषयी बोलायची. एकदा मी फुशारकी मारली की त्याच बँडची अस्सल परदेशी कॅसेट आमच्या गावात आहे, उद्या आणतो.

चाचा ती दुकानाबाहेर देत नसत. मी आठवडाभर खनपटीला बसलो. शेवटी त्यांनी कॅसेट फडक्यात गुंडाळून दिली आणि म्हणाले, "दुसरी बाजू शेवटपर्यंत लावू नको. पट्टी तिथं कमजोर हाय."

लावू नको म्हटल्यावर न लावण्याइतका मी शहाणा असतो तर हे लिहायची वेळच आली नसती. महाडला मित्राच्या खोलीत आम्ही दुसरी बाजू शेवटपर्यंत लावली. आठवं गाणं ऐन रंगात आलेलं असताना खट्ट आवाज झाला आणि एक बाई बोलू लागली.

"अवो, ऐकताय ना? मी हलिमा. मी बरी हाय. औंदा फणसाला सात धरलेत. पाच खाली, दोन वर. वरचे दोन तुमच्यासाठी ठेवलेत, तुमच्याबिगर काढणार कोण?" मागे कोंबड्या. मग विहिरीचा रहाट, पन्हळ बदलल्याची बातमी, कुणाच्या तरी लग्नाला आपण गेलो नाही त्याचं कारण. मग एक तान्ही पोर काहीतरी पुटपुटते. "बोल गो, अब्बाशी बोल. नाय बोलत. तुमच्यावानीच हाय ही." आणि शेवटी, "तुमचं गाणं पुसलं बघा. कोरी कॅसेट गावली नाय आन् मामूचा पोरगा उद्याच निघतोय. रागावू नका हां."

पोरं गडाबडा लोळली. विलायती गिटारीतून एकदम फणसच! त्या काळी आखातातल्या नवऱ्याला बायका अशी कॅसेट भरून पाठवायच्या, पत्र लिहिण्यावाचण्याचा प्रश्न उरायचा नाही. हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत होतं आणि मलाही होतं. पण महाडच्या त्या खोलीत मी ते माहीत नसल्यासारखा हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. पुढचा महिनाभर मी कँटीनमध्ये त्या बाईची नक्कल करत होतो. मला नकला छान जमायच्या. आवाज चढवून, भराभर, हात नाचवत. 'रागावू नका हां'ला तर वन्समोअर मिळायचा. ती आमच्या घरचीच भाषा होती, माझ्या आईची. बहुधा म्हणूनच ती इतकी हुबेहूब यायची.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मला उपकार करायची हुक्की आली. मित्राच्या मुंबईच्या भावाकडे हीच कॅसेट होती, न बिघडलेली. त्याच्याकडे दोन कप्प्यांचा टेपही होता. गाण्यांच्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून वर खाचा असतात; त्यांवर आधीच कुणीतरी चिकटपट्टी लावलेली होती, त्यामुळे रेकॉर्डिंगला अडचण आली नाही. शेवटची दोन गाणी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून घेतली. चाचांची कॅसेट आता पूर्ण झाली, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. ती बाई त्यांची कोण, हा विचार मनात आलाच नाही असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं सांगायचं तर आला होता. तिने नाव सांगितलं होतं, पोरगी बोलत नाही हेही सांगितलं होतं. मी तो विचार पुढे जाऊ दिला नाही, कारण मग ती गंमत संपली असती.

कॅसेट परत देताना मी शाबासकीच्या तयारीने गेलो. म्हटलं, चाचा, तुमची दुसरी बाजू दुरुस्त करून आणलीय. त्यांनी कॅसेट टेपात घातली, पट्टी पुढे पळवली आणि आकड्यांच्या चक्रावर नजर ठेवून बरोबर एका आकड्याला थांबवली. गाणं वाजत होतं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग दुसरं. मग नुसती खरखर आली, तीही ते ऐकत राहिले. शाहीन खोक्यावर बसून तारेचे तुकडे मोजत होती.

"रेकॉर्डिंग साफ आलंय," ते म्हणाले. मला चहा पिणार का विचारलं. मी नको म्हटलं. मी वळलो तसं त्यांनी शटर ओढून घेतलं. भर दुपारी त्यांचं दुकान बंद झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

घरी आईला ही हकीकत मी कौतुकाने सांगितली. आई तांदूळ निवडत होती. हात तसाच थांबला. म्हणाली, "हलिमा ती. शाहीन अंगावर पीत होती तवा गेली. तापानं. गनीला तिकडं महिन्यानं कळलं. मग त्याच्यापाशी काय राहिलं रे तिचं? फोटू पण नाय." पुढचे दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. वाढायची, पण बोलायची नाही.

मी जाऊन पाय धरायला हवे होते. मी काय केलं, तर दुकानावरून जायचं सोडलं. एसटी पकडायला मागच्या गल्लीतून वळसा घालून जायचो. आमचा रेडिओ बिघडला की आईच घेऊन जायची. कधी रस्त्यात गाठ पडलीच तर चाचा हात वर करायचे आणि मी घाईत असल्यासारखा मान हलवून सटकायचो. सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांनी ती कॅसेट टाकून दिली नाही. लांबून ड्रम ऐकू यायचा, मग गायक त्याच्या खऱ्या वयाला यायचा, आणि मी पावलं भरभर उचलायचो.

अशी बारा वर्षं काढली. मी पोलादपुरातच शाळेत मास्तर झालो. टेप गेले, सीड्या आल्या, चाचांच्या दुकानात मोबाइलचे चार्जर लटकू लागले. मधे त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्याचं कळलं, तरी मी भेटायला गेलो नाही. एका रविवारी दारात एक उंच मुलगी उभी राहिली. शाहीन. महाडला लग्न ठरल्याचं तिने आईला सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, अब्बांनी तुम्हाला बोलावलंय." आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी चपला घातल्या.

चाचा बाजेवर उशीला टेकून बसले होते. डावा हात मांडीवर पडलेला. मी बसलो आणि बारा वर्षं घोकलेलं वाक्य एकदाचं बोललो, की चाचा, माझ्या हातून फार वाईट झालं. ते जड जिभेने, एकेक शब्द जुळवत बोलले.

"मीपण रागावलो होतो रे. रजेवर आलो तवा कॅसेट घरी ठेवली होती, तीच भरून तिनं कुवेतला धाडली. मी ऐकली, आन् म्हटलं, ह्या बाईनं माझं गाणं का पुसलं? दुसऱ्या कॅसेटीत तसंच भरून पाठवलं. गाण्यासाठी भांडलो तिच्याशी. तेवढंच माझं तिला पोचलं. मग ती गेली."

मग त्यांनी विचारलं. "तू तिची नक्कल करायचास ना? कँटीनमध्ये?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे त्यांना माहीत होतं. महाडहून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीतरी तेव्हाच सांगितलं असणार. बारा वर्षं रस्त्यात हात वर करणारा माणूस हे जाणून होता.

"मला सगळं पाठ होतं," ते म्हणाले. "झटक्यानं गेलं. फणसापर्यंत येतं, पुढं नाय येत. पोरीला सांगू म्हटलं लग्नाआधी, तर सांगताच येत नाय. तुला येत असंल. तू कर."

मी खाली बघून, धडा वाचावा तसं सुरू केलं. अवो, ऐकताय ना. त्यांनी उजवा हात वर करून थांबवलं. "तसं नाय. पोरांम्होरं करायचास तसं कर."

शाहीन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्यासमोर मी तिच्या आईची नक्कल केली. आवाज चढवला. एकही शब्द विसरलो नव्हतो, रहाट, पन्हळ, लग्न, सगळं ओळीने आलं. ज्या जागांवर पोरं हसायची तिथे माझी जीभ सवयीने क्षणभर थांबत होती, आणि त्या थांबण्याची मला इतकी शरम वाटली की कानशिलं तापली. 'तुमच्यावानीच हाय ही' म्हटल्यावर शाहीनने ओढणी तोंडावर घेतली.

चाचांनी डोळे मिटले होते. मी संपवलं तरी उघडले नाहीत. मग म्हणाले, "मोटर जोरात हाय तुझी. ती सावकाश बोलायची."

मी पुन्हा केलं, सावकाश. त्यांनी मान हलवली, अजून नाही. तिसऱ्यांदा मी हात नाचवायचे सोडले, चढवलेला आवाज सोडला, आणि घरात आई बोलते तसा बोललो. बोलता बोलता मला रडू फुटलं, पण मी थांबलो नाही.

"आता बराबर बोलतेय," चाचा म्हणाले.

शाहीनचं लग्न पाहून पुढच्या वर्षी चाचा गेले. दुकान त्यांच्या भाच्याने विकलं. ती कॅसेट शाहीनने नेली, पण त्यात आता फक्त गाणी आहेत आणि तिच्याकडे टेप नाही. दर ईदला तिचा महाडहून फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की ती गप्प होते, आणि मी समजून सुरू करतो. फणसापासून पोरीपर्यंत मला नीट जमतं. शेवटच्या 'रागावू नका हां'पाशी मात्र अजून दरवेळी मी ते घाईने उरकायला बघतो. मग तिकडून शाहीन हळूच म्हणते, "दादा, सावकाश."