भोंग्याच्या तोंडी परका आवाज

फळबाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत. लिलाव पुकारायला तो ओट्यावर चढला, की पार मागच्या फाटकाशी गाडी लावणाऱ्यालाही संत्र्यांचा भाव कळायचा. माणूस मुळातच तोंडाळ. तळाशी सडकी फळं दडवून वर चांगली रचणारे, पेटीतलं फळ दाबदाबून बघणारे, लोचट हसणारे, या सगळ्यांचा त्याला चटकन वीट यायचा आणि आलेला वीट पोटात ठेवायची त्याला सवय नव्हती. ओट्यावरून तो अशी साल काढायचा, की ऐकणाऱ्यांची हसून पुरेवाट व्हायची आणि ज्याची निघायची तो पेटी उचलून चालू लागायचा.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. मानेला समोरून एक भोक उरलं आणि श्वास तिथून ये-जा करू लागला. खोकला तिथूनच, कफही तिथूनच. सडक्या पेटीत बिनदिक्कत कोपरापर्यंत हात घालणारा हा माणूस. पण त्या भोकाची त्याला इतकी शिसारी, की दाढी करतानासुद्धा आरशासमोर तो मानेवर फडकं टाकून बसे.

ऑपरेशनच्या आधी लेकीने एक गोष्ट मात्र हट्टाने करून घेतली होती. माणसाने ढीगभर वाक्यं वाचून दाखवली, की त्यातून त्याचाच आवाज तयार करणारं एक सॉफ्टवेअर तिने शोधून काढलं होतं. पुढे आपण टाइप करायचं, आणि कॉम्प्युटरने आपल्या आवाजात ते बोलायचं. घोगऱ्या घशाने भोंगा वाचायला बसला. पहिलंच वाक्य होतं, ‘निळी छत्री टेबलाखाली आहे.’ दुसरं, ‘मावशीने सात मांजरं पाळली.’

“असलं कोण शहाणा बोलतो?” तो वैतागला. “छत्री टेबलाखाली कशाला जाईल? त्या मावशीला काही कामधंदा?”

“बाबा, अर्थाकडे नका बघू. आवाज हवाय. वाचा.”

त्याने शिव्या घालत घालत वाचलं. तयार झालेला आवाज सर्दी झाल्यासारखा होता, पण होता त्याचाच. ओळखीचे चार लोक दचकले, बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. आणि मुख्य म्हणजे, त्याच्या आईला काही कळलं नाही.

आई दुसऱ्या गावी धाकट्या भावाकडे राहायची. डोळे गेलेले, कान मात्र तिखट. “तिला सांगू नकोस, धसका घेईल,” असं धाकट्याने बजावलं होतं, म्हणून ऑपरेशनची गोष्ट तिच्यापासून लपवली होती. रोज संध्याकाळी भोंगा लॅपटॉपजवळ फोन धरून टाइप करायचा, लॅपटॉप बोलायचा आणि आई पलीकडून म्हणायची, “थोरल्या, तुझी सर्दी काही हटत नाही बघ.”

सगळं बरं चाललं होतं. मग मेहुणा जेवायला आला.

बायकोचा हा धाकटा भाऊ सर्वज्ञ होता. कुणाच्या घरी नळ गळो की नातं तुटो, याच्याकडे उपाय तयार. भोंगा दुपारी जरा आडवा झाला होता, तेवढ्यात त्याने लॅपटॉप उघडला.

“दाजी, तुमचं काम करून ठेवलंय,” चहाच्या वेळी त्याने जाहीर केलं. “नवीन सिस्टिम आली होती, फुकटात. कोपऱ्यात केव्हाची बोंबलत होती. टाकून दिली. वर जुना कचरापण साफ केला. कसा हलका झालाय बघा!”

भोंग्याने पडदा पाहिला. सगळी चित्रं गुळगुळीत, गोलगोल झाली होती, मिठाईच्या दुकानासारखी. वर लिहिलं होतं, ‘तुमचा कॉम्प्युटर आता अधिक चांगला झाला आहे.’

संध्याकाळी आईला फोन लावून त्याने रोजच्यासारखं टाइप केलं, ‘आई, जेवलीस का?’ आणि लॅपटॉपमधून एक मधाळ, लाडिक, वीस-बावीस वर्षांची पोरगी म्हणाली, “आई, जेवलीस का?”

“कोण गं तू?” आई.

भोंगा गडबडला. घाईघाईत त्याने लिहिलं आणि पोरगी गोड गळ्याने म्हणाली, “मी थोरला.”

आई कडाडली. “थोरल्याने घरात बाई आणून बसवलीय? सूनबाई कुठंय? फोन दे तिच्याकडे!”

बायकोने फोन घेऊन कसंबसं निभावलं. पण त्या पोरीचा आवाज भोंग्याच्या कानात चिकटून राहिला. चिकट हात धुतले की जातात, हे कुठे धुवायचं? आपल्या शब्दांना कुणीतरी तोंडात घोळवून, लाळ लावून बाहेर काढतंय असं त्याला वाटलं. त्या रात्री त्याने पाटीवर बायकोला लिहून दिलं, ‘मुका बरा.’

बायको मात्र अशी हार मानणारी नव्हती. सकाळीच तिने लेकीला फोन लावला आणि तिकडून लेक सांगेल तशी दोघं लॅपटॉपशी झटू लागली. बंद करून पुन्हा चालू केलं. सॉफ्टवेअर उघडायचं, पण आवाजांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. ती पोरगी होती, तिची एक बहीण होती, आणि बातम्या वाचल्यासारखा बोलणारा एक पुरुष होता. काढून परत टाकायला गेले, तर ‘ही आवृत्ती या सिस्टिमवर चालणार नाही.’ जुन्या पद्धतीने चालवायची सोय होती, तीही वापरली. खिडकी उघडली, लुकलुकली, मिटली.

“मग जुन्या सिस्टिमवरच परत जाऊ,” लेक म्हणाली. “नुकतंच बदललंय ना, जाता येतं.”

बटण सापडलं. दाबलं. ‘परत जाण्यासाठी लागणाऱ्या फायली काढून टाकण्यात आल्या आहेत.’

जुना कचरा! भोंग्याने पाटीवर मेहुण्याबद्दल जे लिहिलं, ते बायकोने वाचलं आणि आपल्या भावाबद्दलचं असूनही गुपचूप पुसलं, कारण खोडून काढण्यासारखं त्यात काही खोटं नव्हतं.

राहिली कंपनी. ज्या लहानशा कंपनीने ते सॉफ्टवेअर केलं होतं, तिला मधल्या काळात एका मोठ्या कंपनीने गिळलं होतं. मदतीच्या नंबरवर आधी बराच वेळ सतार वाजली, मग एक उत्साही तरुण आला.

“तुमची मदत करायला मला फार आनंद होतोय. खातं कुणाच्या नावावर आहे?”

“माझ्या मिस्टरांच्या,” बायको म्हणाली.

“मग खात्री करण्यासाठी मला त्यांच्याशी बोलावं लागेल.”

“त्यांना बोलता येत नाही.”

“हरकत नाही. ते मोकळे झाले की बोलू द्या त्यांना. मी थांबतो.”

“अहो, त्यांना आवाजच नाही! आवाज असता तर तुम्हाला फोन कशाला केला असता?”

“मी समजू शकतो, मॅडम. फक्त ‘हो’ एवढंच म्हणाले तरी चालेल.”

शेजारी बसलेल्या भोंग्याच्या मानेतून फसफस असा आवाज आला. हीच शिवी पूर्वी बाजारात हासडली असती, तर मागच्या फाटकापर्यंतची माणसं पांगली असती. इथे पुढ्यातली चहाची सायसुद्धा हलली नाही.

शेवटी कंपनीकडून मेल आला. जुने आवाज नव्या आवृत्तीत चालणार नाहीत याचा त्यांना खेद होता. पण उपाय सोपा होता: ‘कृपया शांत खोलीत बसून सर्व वाक्यं आपल्या नैसर्गिक आवाजात पुन्हा एकदा वाचा.’ खाली हसरा चेहरा.

भोंग्याने लॅपटॉप मिटला. आदळला नाही, शिवी लिहिली नाही. मेलेली पाल चिमट्याने उचलावी तसा दोन बोटांनी उचलून कपाटावर ठेवला आणि हात धुऊन आला. त्यानंतर बरेच दिवस तो पाटीसुद्धा हातात घेईना.

इकडे आईचे फोन येतच होते. तो बाहेर गेलाय, झोपलाय, घसा बसलाय. बायकोच्या सबबी संपत आल्या. एका संध्याकाळी म्हातारी शांतपणे म्हणाली, “सूनबाई, थोरला गेला ना? खरं सांग. मी रडणार नाही. पण माझ्यापासून लपवू नका गं.”

फोन स्पीकरवर होता. भोंगा समोर बसला होता, जिवंत, धडधाकट, आणि “आहे मी” एवढे दोन शब्द त्याच्यापाशी नव्हते. बायको “आहेत हो, सुखरूप आहेत” म्हणत होती तोवर तो उठला, त्याने कपाटावरचा लॅपटॉप खाली काढला आणि लेकीला मेल लिहिला.

लेक रजा घेऊन आली. येताना तिने आपला जुनापुराणा लॅपटॉप आणला. ऑपरेशनआधी ती वाक्यं बाबांनी त्याच्यावरच वाचली होती, तेव्हा सॉफ्टवेअरही आधी त्यातच होतं. पण तो चालूच होईना. तिघंही कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीकडे गेले. तिने झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. आत झुरळांनी संसार थाटला होता. बॅटरी पावासारखी फुगलेली.

“हे असलं घेऊन येतात लोक,” ती म्हणाली, “आणि वर विचारतात, का चालत नाही.” भोंग्याला ती बाई फार आवडली.

तिने ब्रशने साफ केलं, बॅटरी काढून थेट वायरवर जोडलं. पंखा दमेकऱ्यासारखा घरघरला, पडदा उजळला. जुनी, चौकोनी, कंटाळवाणी चित्रं. यादीत त्याचं नाव होतं.

“याला इंटरनेट दाखवू नका,” दुरुस्तीवालीने बजावलं. “आणि माणसंही जपून दाखवा.”

भोंग्याने तिथेच उभ्याने टाइप केलं. सर्दी झालेला, खरखरीत, त्याचा स्वतःचा आवाज दुकानात म्हणाला, “मेहुण्याला तर मुळीच नाही.” लेक हसता हसता रडायला लागली.

संध्याकाळी फोन लावला. “आई, मी आहे,” लॅपटॉप म्हणाला.

“थोरल्या!” म्हातारीचा श्वास सुटला. मग लगेच फणकारली. “मेल्या, होतास कुठे इतके दिवस?”

सर्दी झाली होती, असं त्याने लिहायला घेतलं. ते शब्द पडद्यावर पाहिले आणि त्याला वरच्या थराखाली सडकी संत्री दडवणारे आठवले. त्याने ते खोडलं. बायको “अहो, नको” म्हणत असताना लिहिलं, ‘आई, माझा घसा कापून काढलाय. मला बोलता येत नाही. माझ्या आवाजात हे यंत्र बोलतंय.’

यंत्राने ते जसंच्या तसं वाचून दाखवलं.

“म्हणजे इतके दिवस मी डब्याशी बोलत होते?” आई म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, संताप होता. “आणि तुम्ही सगळे बसून ऐकत होतात? शी! लाज नाही वाटली? आंधळी आहे म्हणून काहीही?”

भोंग्याची बोटं थबकली. ही शी त्याच्या चांगल्या ओळखीची होती. त्याने ती उचलली कुठून, हे त्याला आज उमगलं.

“तो डबा बंद कर,” आई म्हणाली. “आणि तू ये.”

दुसऱ्याच दिवशी नवराबायको धाकट्याकडे गेले. लॅपटॉप घरीच ठेवला. आईने त्याला पलंगावर शेजारी बसवलं, चेहरा चाचपला, हनुवटीखाली हात नेला. तो मागे सरला. तिथे त्याने बायकोलाही हात लावू दिला नव्हता. म्हातारीने त्याची मानगूट धरली, फडकं बाजूला केलं आणि कडेकडेने बोट फिरवलं. तिच्या तळहातावर त्याचा श्वास लागत होता, ओलसर, गरम.

“कडेला चिकटा साचलाय,” ती म्हणाली. “नीट पुसत नाहीस. सूनबाई, कोमट पाणी आण गं.”