मधाचं बोट

माझ्या मनगटावर दुधाचा थेंब पडला, निळसर, पातळ. शेजारच्या काकू त्याकडे विष सांडल्यासारखं बघत राहिल्या. "गरोदरपणात तुला शुगर होती ना गं? मग दूधही साखरेचंच. पोरीला बाधेल."

तीन महिने मी बोटं टोचून घेतली, आंब्याकडे पाहिलंही नाही. तरी संशय उरलाच. बाईच्या अंगावरचं दूधसुद्धा आधी आरोपी!

"डॉक्टर म्हणाले, असलाच तर किंचित फरक असतो, पण हेच पाजा," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

काकूंनी मान डोलावली, मधाच्या बाटलीत बोट बुडवलं आणि लेकीच्या ओठांकडे नेलं. "त्यापेक्षा हे चाटू दे."

मी त्यांचा हात धरला. "वर्षाच्या आतल्या बाळाला मध बाधतो, काकू." लेक मात्र दुधाचा वास घेत माझ्याकडे वळली. घरात एक तरी माणूस शहाणं होतं, दहा दिवसांचं.